एक्सेलमधले दूधबिल : सॉफ्टवेअरकडे कधी वळायचे?

महोदय,

सहकारी संस्थांच्या संगणकीकरणावर आपल्या दैनिकात गेले काही रविवार लेख येत आहेत. विकास सोसायट्यांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेली ६३,००० सोसायट्यांची, २,५१६ कोटी रुपयांची योजना त्यांत नीट समजावून सांगितली आहे. एका लेखात मात्र संस्थांनी आता एक्सेल सोडून सॉफ्टवेअर घ्यावे, एवढे सांगून लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळले. कधी सोडावे आणि कसे सोडावे, हा आमच्यासारख्यांचा खरा प्रश्न आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या लेखा विभागात काम करते. आमची दूधबिले अनेक वर्षे एक्सेलच्या मॅक्रोवर निघाली, आणि आता ती सॉफ्टवेअरवर आणण्याचे काम संपत आले आहे. त्या अनुभवातून लिहिते आहे.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते : मॅक्रो म्हणजे एक्सेलच्या फाइलमध्येच लिहून ठेवलेला प्रोग्राम. बटण दाबले की शीटवरची ठरलेली कामे तो ओळीने उरकतो. तो ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए १९९३ पासून एक्सेलमध्ये आहे. पतसंस्था, शाळेचे कार्यालय, कारखान्याचे टाइम ऑफिस, कुठेही डोकावा. कोणीतरी हौसेने शिकून लिहिलेली एखादी मॅक्रोची फाइल तिथे मुकाट्याने काम करताना दिसेल.

आमची फाइल आधीच्या एका सहकाऱ्याने लिहिली. बी.कॉम. झालेला मुलगा, संगणकाची पदवी नाही. दूधबिल बाहेरून सोपे दिसते, लिटर गुणिले दर. पण दर ठरतो फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफवर (स्निग्धांश सोडून दुधात उरणारे घन घटक). गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ टक्के हा पाया धरायचा, आणि त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला दर हलतो. मग कपाती येतात : पशुखाद्य, संस्थेची उचल, पतसंस्थेचा हप्ता, ठेव. बिल कपातीला पुरले नाही तर उरलेली बाकी पुढच्या बिलात ओढायची. हे सगळे दर दहा दिवसांनी, हजारो उत्पादकांचे, एका रात्रीत. त्याआधी हे काम तीन माणसे कॅल्क्युलेटर घेऊन करत. त्याने ते एका बटणावर आणले. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी उमटत नाही, नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. म्हणून त्याने सगळे मराठी मजकूर एका लपवलेल्या शीटवर ठेवले आणि मॅक्रो ते तिथून उचलायचा. कोणती ओळ कशासाठी आहे याच्या टिपाही त्याने मराठीतच, पण रोमन अक्षरांत लिहून ठेवल्या. अशा कामाला आजकाल सल्लागार मंडळी ‘जुगाड’ म्हणतात. मला तो शब्द मान्य नाही. त्या फाइलने आमच्या सभासदांचे पैसे वर्षानुवर्षे वेळेवर दिले आहेत.

मग ती सोडायची कधी? बहुतेकांचे उत्तर असते, फाइल फार मोठी झाली, हळू चालू लागली की. हे उत्तर मला पटत नाही. हिशेब करून पाहा. चार हजार उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध, म्हणजे रोज ८,००० नोंदी आणि एका बिलाला ८०,०००. जुन्या एक्सएलएस साच्यात ६५,५३६ ओळीच मावत, म्हणजे एक बिलही बसणार नाही. २००७ नंतरच्या साच्यात १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यात १३१ दिवस बसतात, वर्ष बसत नाही. पण दर बिलाची वेगळी फाइल केली की हा प्रश्न मिटतो. नवीन संगणक घेतला की हळूपणाही बराच जातो. मोठेपणा ही अडचण आहे, इशारा नव्हे.

इंग्लंडमध्ये २०२० साली जे घडले ते यासाठी पाहण्यासारखे आहे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोरोना रुग्ण सरकारच्या रोजच्या आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइल त्याच जुन्या एक्सएलएस साच्यात भरल्या जात होत्या. एका रुग्णाच्या अनेक ओळी असल्यामुळे एका फाइलमध्ये सुमारे १,४०० रुग्णच मावत होते. बाकीचे बाहेर राहिले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना गाठायला उशीर झाला. सगळीकडे चर्चा झाली ती ओळींच्या मर्यादेची. मला त्याहून गंभीर वाटते ते हे, की ओळी गळत असताना फाइल गप्प राहिली. ज्यांना त्याचा फटका बसणार होता त्यांना ती फाइल कधी दिसणारच नव्हती.

माझी कसोटी तिथून सुरू होते. फाइलमधल्या आकड्यावर फाइलच्या बाहेरच्या माणसाचा हक्क अवलंबून आहे का? आणि हा आकडा कोणत्या नियमाने आला, तो कोणी, कधी बदलला, असे त्या माणसाने विचारले तर फाइल उत्तर देऊ शकते का? पहिल्याचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही असेल, तर फाइल कितीही छोटी आणि झपाट्याने चालणारी असो, सॉफ्टवेअरची वेळ आलेली आहे.

हे आमच्याकडे कसे समोर आले ते सांगते. एका मावशींना गाय घेण्यासाठी कर्ज हवे होते. बँकेने मागच्या वर्षाची दूधबिले मागितली. त्यांच्या जवळच्या पावत्या भिजून गेल्या होत्या, म्हणून त्या संघात दुसरी प्रत मागायला आल्या. क्लार्कने त्या बिलाची जुनी फाइल उघडली, प्रत काढून दिली. मावशी तिथेच थांबल्या, पिशवीतून पासबुक काढले आणि बोट ठेवले. पासबुकात त्या बिलाचे ४,३१२ रुपये जमा होते. आमच्या ताज्या कागदावर ४,५६८. त्यांनी विचारले, “मग तेव्हा मला कमी दिलं, का आता जास्त दाखवताय?”

मावशींना कमी दिलेले नव्हते. झाले होते असे : दरपत्रकाची फाइल वेगळी होती आणि सगळ्या बिलांच्या फाइल तिला जोडलेल्या होत्या. दर बदलला की एकाच ठिकाणी बदलायचा, ही त्यामागची सोय. जुनी फाइल उघडताना एक्सेल विचारते, लिंक अपडेट करायच्या का? सवयीने ‘हो’ दाबले जाते. त्याबरोबर मागच्या वर्षीच्या दुधाला आजचा दर लागतो आणि सगळे बिल नव्याने मोजले जाते. जुना दर त्या क्षणी पुसला जातो. शेवटी बांधून ठेवलेल्या छापील बिलांच्या गठ्ठ्यातून खरी प्रत काढावी लागली. गठ्ठा नसता तर मावशींच्या प्रश्नाला आमच्याकडे पुरावा म्हणून दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

यावर इलाज म्हणून ‘हो दाबू नका’ अशी चिठ्ठी संगणकावर चिकटवता येते. बऱ्याच ठिकाणी तेच करतात. पण हा शिस्तीचा प्रश्न नाही, रचनेचा आहे. शीटमध्ये माहिती, नियम आणि दिसणारा कागद एकाच जागी गुंतलेले असतात. एकाला धक्का लागला की बाकीचे हलतात. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पहिली गोष्ट केली ती प्रत्येक दरपत्रकाला लागू दिनांक देण्याची. जुना दर कोणाला बदलता येत नाही, नवा दर त्याच्याशेजारी बसतो. निघालेले बिल कुलूपबंद होते. दुरुस्ती करायची तर वेगळी नोंद करायची, करणाऱ्याच्या नावासह आणि कारणासह. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बदलांची अशी नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअरच वापरण्याचे बंधन आहे. आम्ही सहकार कायद्याखाली येतो, तो नियम कंपन्यांसाठी आहे. पण चार गाईंवर घर चालवणाऱ्या माणसाला शेअरहोल्डरपेक्षा कमी संरक्षण का असावे?

बँकेच्या खात्यांचेही सांगायला हवे, कारण हे प्रत्येक संस्थेत घडू शकते. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच खरे धरते. १६ अंकी खाते क्रमांक साध्या रकान्यात पडला की शेवटच्या अंकाचा शून्य होतो. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर तो गायब होतो. रकाना ‘टेक्स्ट’ केला की हे टळते, आमच्या मॅक्रोत ती काळजी घेतलेली होती. पण संकलन केंद्राच्या सचिवांनी पाठवलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल) कोणी मध्येच कौतुकाने डबल क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली, तर मॅक्रोपर्यंत पोहोचण्याआधीच अंक गेलेला असतो. घाईत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. रक्कम परत आली तर नशीब. कारण बँकेचे जमा करणे खाते क्रमांकावर चालते, आणि बदललेला क्रमांक दुसऱ्या कोणाचा असू शकतो. आमच्या केंद्रांचे क्रमांकही असेच. मार्ग पाच, केंद्र बारा म्हणून ५-१२ लिहिले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. ही तक्रार आमची एकट्यांची नाही. जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये याच कारणामुळे काही मानवी जनुकांची नावे बदलली. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी नावे एक्सेल तारखा समजत होते.

जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचे शासकीय अनुदान सुरू झाले तेव्हा आमचा निर्णय पक्का झाला. उत्पादकाचे आधारशी जोडलेले खाते, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, दहा दिवसांचे दूध, सगळे जुळवून द्यायचे होते. एकाच माणसाचे नाव बिलाच्या फाइलमध्ये एका तऱ्हेने, खाद्याच्या फाइलमध्ये दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेच्या यादीत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले. मॅक्रो लिहून नावे जुळवता येतात, आम्ही जुळवलीही. पण तीन फाइलींत तीन वेळा राहणारा माणूस मुळात एकाच ठिकाणी, एका क्रमांकाने राहायला हवा, हे त्या आठवड्यांत विभागातल्या प्रत्येकाला कळून चुकले. शिवाय आधार क्रमांकांची यादी शीटच्या पासवर्डच्या भरवशावर ठेवणे मला मनापासून चुकीचे वाटते. तो पासवर्ड काढायला फारसे कौशल्य लागत नाही.

आता ‘कसे’ याबद्दल, कारण संस्था खऱ्या अर्थाने पोळतात त्या इथे. आमच्याकडे पूर्वी एकदा तयार सॉफ्टवेअर आणले गेले होते. ज्या कंपनीकडून आणले तिचे लोक चांगले होते, सॉफ्टवेअरचे संगणकावर दिसणारे पडदे सुंदर होते. त्यांनी संचालकांशी बैठका घेतल्या, व्यवस्थापकांशी घेतल्या. मॅक्रोची फाइल मात्र एकदाही उघडून पाहिली नाही. ती जाणारच आहे तर बघायची कशाला, असा विचार. पहिल्याच बिलात काही उत्पादकांच्या हातात शून्य रुपये आले. कारण शोधले तेव्हा मॅक्रोत एक ओळ सापडली आणि तिच्या शेजारी रोमन अक्षरांत टीप : दुष्काळ ठराव, खाद्य कपात निम्मी. २०१८ च्या दुष्काळात संचालक मंडळाने ठरवले होते की बिल ठरावीक रकमेच्या आत असेल तर पशुखाद्याची निम्मीच कपात करायची आणि बाकी पुढे ओढायची. ठराव पुढे कधी रद्द झाला नाही, लहान उत्पादकांना त्याची सवय झाली. इतिवृत्ताच्या वहीत तो कुठेतरी होता. रोज पाळला जात होता तो फक्त त्या एका ओळीमुळे. नव्या सॉफ्टवेअरला हे कोणी सांगितलेच नव्हते. ते सॉफ्टवेअर गुंडाळले गेले आणि ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असा समज पुढे कित्येक वर्षे राहिला.

म्हणून या वेळी आम्ही उलट सुरुवात केली. मॅक्रोची प्रत्येक ओळ छापून काढली आणि शेजारी लिहिले, हा कोणता नियम, कोणाचा निर्णय, अजून लागू आहे का. पुण्याला नोकरीला गेलेल्या आमच्या त्या जुन्या सहकाऱ्याला रजा घेऊन बोलावले आणि त्याच्या वेळेचे रीतसर पैसे दिले. (हे पैसे देण्यावर एका बैठकीत बरीच चर्चा झाली. माझ्या मते संपूर्ण खर्चातला तो सर्वांत सत्कारणी लागलेला भाग आहे.) त्या कागदांतून जी नियमांची यादी झाली ती संचालक मंडळापुढे ठेवून मंजूर करून घेतली. संघाच्या इतिहासात बिलाचे सगळे नियम पहिल्यांदाच एका कागदावर आले.

काम करणारी मुले आमच्याच भागातली. त्यांनी आधी फक्त माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती एका ठिकाणी नीट मांडून ठेवणाऱ्या प्रणालीत हलवली, पोस्टग्रेस नावाच्या, जिला परवान्याचे पैसे लागत नाहीत. मॅक्रो तसाच चालू राहिला, फक्त शीटऐवजी तो डेटाबेसमधून वाचू लागला. मग कपातीचे नियम हलवले. पडदे आणि बटणे सर्वांत शेवटी. त्यामुळे एकही बिल थांबले नाही. आणि बरीच बिले दोन्हीकडे काढून एकेक रक्कम ताडून पाहिली. एकसारख्या आल्या नाहीत. काही बिलांत बरोबर एक रुपयाचा फरक यायचा, काहींत नाही, आणि त्यात काही रीत दिसेना. शेवटी सापडले. शीटवरचे राउंडचे सूत्र पन्नास पैशांना वरचा रुपया करते. व्हीबीएमधले त्याच नावाचे राउंड मात्र पन्नास पैसे आले की जवळच्या सम आकड्याकडे जाते. १,८४६.५० चे शीट १,८४७ करते, मॅक्रो १,८४६. १,८४७.५० चे दोघेही १,८४८ करतात. एक्सेलच्या एकाच फाइलमध्ये दोन रीती राहत होत्या. रुपया लहान आहे, पण तो सभासदाचा आहे; वरचा रुपया द्यायचा असा ठराव झाला आणि तो यादीत चढला.

सगळेच सॉफ्टवेअरमध्ये न्यावे असे मी म्हणत नाही. दिवाळीच्या दूधफरकाचा, म्हणजे वर्षभराच्या दुधावर उत्पादकांना वाटायच्या जादा रकमेचा हिशेब आम्ही एक्सेलमध्येच ठेवला आहे. तो वर्षातून एकदा होतो, मंडळ दर वर्षी वेगळ्या पद्धतीने ठरवते, दहा शक्यता मांडून पाहाव्या लागतात, आणि अंतिम आकडा मंजूर होईपर्यंत कोणाच्या खात्याला हात लागत नाही. असल्या कामाला एक्सेलसारखे दुसरे साधन नाही. त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहून घेणे म्हणजे दर वर्षी ते मोडून नव्याने लिहिण्याचे पैसे भरणे. संघातल्या नव्या मुलींना मी मॅक्रो आवर्जून शिकवते. कामाचा नियम स्वतः लिहून पाहिलेला माणूस उद्या सॉफ्टवेअर करून घेताना काय मागायचे हे जाणतो.

ज्या संस्था आता निविदा काढतील त्यांनी करारात काही गोष्टी लेखी घ्याव्यात. आपली सगळी माहिती आपल्याला हवी तेव्हा साध्या सीएसव्हीमध्ये मिळाली पाहिजे, वार्षिक देखभालीचे पैसे थकले असले तरीही. दर आणि कपाती बदलायला कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागता कामा नये. आणि दोन्हीकडे बिले काढून ताडून पाहण्याचा काळ करारातच असावा, त्याचे पैसेही धरलेले असावेत. नाहीतर तोच पहिल्यांदा कापला जातो.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे एएमसीएस हे दूधसंकलनाचे सॉफ्टवेअर आहे, विकास सोसायट्यांसाठी सामायिक सॉफ्टवेअर आले आहे. ती घेणाऱ्या संस्थांनाही आपापले नियम कोणीतरी सांगावेच लागतात. सहकार खात्याला आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे : कोणत्याही संस्थेला नवे सॉफ्टवेअर बसवण्याआधी तिथली जुनी एक्सेल फाइल आणि ती चालवणारा क्लार्क, दोघांसमवेत बसून नियमांची यादी करणे ही पहिली पायरी म्हणून सक्तीची करावी, आणि त्या यादीवर संस्थेच्या सभेची सही घ्यावी. आमची यादी, सभासदांची नावे वगळून, कोणत्याही दूध संस्थेला नमुना म्हणून द्यायला आमचा संघ तयार आहे. व्यवस्थापकांची तशी परवानगी मी घेतली आहे.

आपली,
एका दूध संघातील लेखा कर्मचारी, सातारा जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे)